मोठे टायर, उंच पाटे आणि जुनी जीप

पूर्णा खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात कशी वागते ते संग्रामपूर तालुक्यातल्या शिक्षकांना सांगायला नको. उन्हाळ्यात जिच्या भेगांत हात जातो, तीच जमीन जुलैत फुगते, चिकट होते आणि चाकावर लगदा होऊन बसते. शेताकडे जाणाऱ्या पांदणीत चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की चाके फिरत राहतात आणि गाडी पोटावर टेकून जागच्या जागी उभी राहते. ज्याच्या दारात जुनी जीप आहे त्याला अशा वेळी एक उपाय हमखास सुचतो : मोठे टायर टाकायचे. ते बसत नाहीत म्हणून मागचे पाटे उंच करायचे. गॅरेजमध्ये हे काम एक-दोन दिवसांत होऊन जाते. पण तेवढ्यात गाडीतल्या किती गोष्टी एकमेकींना धरून बदलतात ते पाहू लागलो, तर आठवीपासून बारावीपर्यंतच्या भौतिकशास्त्राची बरीच उजळणी होते. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

जीप ही मुळात लढाईची गाडी. विलीज कंपनीची एमबी ही जीप १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी बनू लागली. पुढच्या व मागच्या ॲक्सलमधले अंतर ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या जरासे वर. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५३ साली अमेरिकेत आलेले सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल तिकडे बंद झाल्यावरही आपल्याकडे दीर्घकाळ बनत राहिले. तिचीच लांब केलेली भावंडे पुढे काळी-पिवळी होऊन विदर्भातल्या खेड्यापाड्यांत धावली. या सगळ्या गाड्यांचे मागचे पाटे आणि मागचा ॲक्सल यांची रचना साधारण सारखीच आहे, म्हणून एकीचे गणित दुसरीला लागू पडते.

प्रथम टायरवरचे आकडे वाचू. जुन्या जीपच्या टायरवर ६.००-१६ असे लिहिलेले असते. टायरची रुंदी ६ इंच, आणि आतल्या लोखंडी रिमचा व्यास १६ इंच. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये उंची जवळपास रुंदीइतकीच असते. तेव्हा पूर्ण व्यास १६ अधिक दोन वेळा ६, म्हणजे २८ इंच, ७११ मि.मी. याऐवजी ७.५०-१६ टाकला तर व्यास ३१ इंच, ७८७ मि.मी. होतो. (नव्या टायरवर २३५/७५ आर १५ असे लिहितात. तेथे २३५ ही रुंदी मि.मी.मध्ये, ७५ म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १५ हा रिमचा व्यास इंचात. याचा पूर्ण व्यास विद्यार्थ्यांना काढायला सांगा. ७३३ ते ७३४ मि.मी. येईल.) प्रत्यक्ष टायर या हिशेबापेक्षा थोडा कमी-जास्त भरतो, पण आपल्या कामाला तो पुरेसा आहे. पुढच्या सगळ्या गणितांत आम्ही २८ आणि ३१ हेच दोन आकडे धरले आहेत. त्यांचे गुणोत्तर १.१०७. हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता पाटे उंच करण्याविषयी एक गैरसमज आधीच दूर करू. पाटे उंच केले की गाडी उंच होते, म्हणून ती चिखलात टेकणार नाही, असे पुष्कळांना वाटते. पण चिखलात जीपचे सर्वात आधी काय टेकते? मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा फुगीर भाग. पाटा ॲक्सलवर बसलेला असतो आणि पाट्यावर गाडीचा सांगाडा. पाटा कितीही उंच केला तरी वर जातो तो सांगाडा. ॲक्सल जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो. ॲक्सलला उचलणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे टायरची त्रिज्या. आपल्या उदाहरणात ती दीड इंचाने, ३८ मि.मी.ने वाढली, डिफरन्शियलही तेवढाच वर गेला. इतक्या खटाटोपात पांदणीतला फायदा काय तो एवढा.

मग पाट्यांना हात लावायचाच कशाला? टायरला जागा करून देण्यासाठी. ॲक्सल आहे तेथेच ठेवून मोठा टायर बसवला, तर त्याचा वरचा काठ मडगार्डच्या ३८ मि.मी. जवळ जातो. गाडी खड्ड्यात आपटते तेव्हा पाटा दबून चाक वर येते, आणि टायर पत्र्याला घासतो. रुंदी दीड इंचाने वाढल्याने आतल्या बाजूलाही तो पाट्याच्या किंवा सांगाड्याच्या जवळ सरकतो. अमेरिकेत शर्यतीसाठी जुन्या मोटारींना फार रुंद टायर लावणारे लोक मागचे पाटेच सांगाड्याखाली आत सरकवतात आणि ॲक्सल कापून आखूड करतात. आपल्याकडे एवढे कोणी करत नाही. गाडी वर उचलून घेतात.

बैलबंडीला ही अडचण कधीच आली नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. तिचे चाक साटीच्या बाहेर, उघडे. त्याच्या वर काहीच नाही, म्हणून ते पाहिजे तेवढे मोठे करता येते. मोठ्या चाकाचा लाभही खरा आहे. रस्त्यात १० से.मी. उंचीचा उंचवटा चढायचा असेल तर चाकाच्या मध्यावर लावावे लागणारे आडवे बल आणि त्या चाकावरचे वजन यांचे गुणोत्तर भूमितीने काढता येते. २८ इंची टायरला ते ०.९७ येते, ३१ इंचीला ०.८९, आणि दीड मीटर व्यासाच्या बंडीच्या चाकाला अवघे ०.५८. जुन्या सुतारांनी चाके उगीच छातीएवढी केली नव्हती.

पाटा कसा वाकतो

गाडी उचलण्याच्या पद्धती पाहण्याआधी पाटा समजून घ्यायला हवा, आणि त्यासाठी वर्गात एक फार सोपा प्रयोग करता येतो. लाकडी फूटपट्टीचे एक टोक टेबलावर घट्ट दाबून धरा, १० से.मी. भाग बाहेर ठेवा आणि टोकाला वजन टांगा. टोक किती खाली आले ते मोजा. आता तेच वजन ठेवून २० से.मी. भाग बाहेर काढा. वाक दुप्पट होईल असे बहुतेक मुले सांगतात. तो आठपट होतो. वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो.

आता तशाच दोन पट्ट्या एकावर एक नुसत्या ठेवून वजन टांगा. वाक निम्मा होतो, कारण दोघींनी वजन वाटून घेतले. मग त्याच दोन पट्ट्या डिंकाने एकमेकींना चिकटवा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा वजन टांगा. या वेळी वाक एका पट्टीच्या सुमारे आठवा हिस्साच राहतो. सुट्या पट्ट्या वाकताना एकमेकींवरून सरकतात. चिकटवलेल्यांना सरकता येत नाही, त्या दुप्पट जाडीची एकच पट्टी होतात, आणि ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. हा प्रयोग मुलांनी हाताने करायलाच हवा. नुसता फळ्यावर सांगितला तर चिकटवलेल्या पट्टीचा भाग कोणाला पटत नाही.

जीपचा पाटा म्हणजे अशाच पोलादी पट्ट्यांची चळत. सर्वात लांब पट्टीची दोन टोके सांगाड्याला, त्यांपैकी एक झुलत्या शॅकलमधून, जोडलेली आणि मधला भाग यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेला. पट्ट्या सुट्या असतात म्हणूनच चळत लवते. त्या एकमेकींवर घासतात तेव्हा थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि गाडीचे हेलकावे लवकर शमतात. उरलेले काम शॉकअपचे. पट्ट्यांमध्ये गंज धरला तर सरकणे अडते, आणि चांगली गाडी दगडासारखी धक्के देऊ लागते.

पाच पट्ट्यांच्या चळतीत आणखी एक सारखी पट्टी घातली तर ताठरपणा सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो. पण ६ मि.मी. जाडीच्या पट्ट्यांऐवजी ७ मि.मी.च्या घातल्या तर तो जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढतो. ‘फक्त एक मिलिमीटर’ असे म्हणून चालत नाही.

ताठरपणा वाढल्याने बसणाऱ्याला काय जाणवते? गाडीच्या वजनाने पाटा किती दबला ते सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते मिळते. पाटा १० से.मी. दबलेला असेल तर १.६ वेळा. आपण चालताना सेकंदाला दोनच्या आसपास पावले टाकतो, म्हणून हा झोका शरीराला ओळखीचा वाटतो. पाटा २ से.मी.च दबत असेल तर ३.५ वेळा. सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी हालचाल माणसाच्या धडाला सर्वात त्रासदायक असते, आणि आपण तिच्या उंबरठ्याशी आलो. पाटे वाढवलेली काळी-पिवळी माणसांनी भरली की बरी चालते आणि रिकामी परत येताना ड्रायव्हरची हाडे खिळखिळी करते, त्याचे कारण हेच. पाटे तेच राहतात, त्यांच्यावरचे वजन निम्मे होते.

उचलण्याच्या चार वाटा

सर्वात स्वस्त वाट लांब शॅकलची. पाट्याच्या एका टोकाचे शॅकल दोन इंच लांब केले तर गाडी मागे दोन इंच उचलली जाईल असे वाटते, पण ॲक्सल पाट्याच्या मध्यावर असल्याने प्रत्यक्षात एकच इंच मिळतो. शिवाय पाटा तिरका होतो आणि त्याच्यासोबत ॲक्सलही थोडा फिरतो. हे फिरणे दिसायला क्षुल्लक. त्याचे काय होते ते पुढे येईल.

दुसरी वाट पाट्याला भट्टीत तापवून जास्त कमान देण्याची किंवा नवी पट्टी घालण्याची. यात ताठरपणाचा हिशेब वर आलाच आहे. तापवलेल्या पोलादाला नीट पाणी दिले गेले नाही तर पाटा महिन्या-दोन महिन्यांत बसतो किंवा तडकतो, म्हणून हे काम फक्त जाणत्या पाटेवाल्याचे. तिसरी वाट पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालण्याची. चौथी, सर्वात मोठी वाट : ज्या गाडीत पाटा ॲक्सलच्या खालून जातो तेथे तो ॲक्सलच्या वर बसवायचा. यात ॲक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्याच्या चळतीची जाडी इतकी, म्हणजे १० ते १२ से.मी. उंची एकदम मिळते आणि पाट्याचा मऊपणाही जात नाही. म्हणून हौशी लोकांना ही पद्धत आवडते.

पण जीपच्या मागच्या पाट्याला दोन कामे असतात. तो वजन तर पेलतोच, शिवाय ॲक्सलला पिळू न देता जागेवर धरतो. ब्रेक दाबला की जमीन टायरला मागे ओढते. हे बल जमिनीवर लागते आणि त्याला विरोध करणारा पाटा वर असतो; दोन्हींमधले उभे अंतर म्हणजे पाट्याला पिळणारा तरफेचा हात. २८ इंची टायरमध्ये ॲक्सलचा मध्य जमिनीपासून ३५.६ से.मी.वर. पाटा त्याच्या खाली ६ से.मी. असेल तर हात २९.६ से.मी. आता टायर ३१ इंची केला आणि पाटा मध्याच्या वर ६ से.मी. नेला, तर हात ४५.४ से.मी. होतो. तेवढ्याच ब्रेकला पाट्यावरचा पीळ दीडपटीहून जास्त. पाटा मग इंग्रजी ‘एस’सारखा वळतो, गाडी सुटताना व थांबताना मागून गचके देते, आणि एखाद्या दिवशी मधला सेंटर बोल्ट तुटतो. उंच ठोकळ्यांनीही हेच होते.

ॲक्सल खाली गेल्याने गिअरबॉक्सपासून येणारा मागचा शाफ्टही जास्त तिरका होतो. जीपची लांबीच कमी, त्यामुळे शाफ्ट आखूड. तो अर्ध्या मीटरचा धरला आणि गाडी १० से.मी. उचलली, तर तिरकेपणात सुमारे ११ अंशांची भर पडते. शाफ्टच्या टोकाला असलेला क्रॉस तिरक्या शाफ्टला एकसारखे फिरवू शकत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा त्याचा वेग वाढतो व दोनदा कमी होतो. १० अंशांवर हा फरक दीड टक्का, २० अंशांवर सहा टक्क्यांहून अधिक. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार पुसून टाकतो, पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच. लांब शॅकलने ॲक्सल फिरला होता तो येथे नडतो : कोन सारखे राहत नाहीत, विशिष्ट वेगाला गाडी थरथरू लागते आणि क्रॉस लवकर जातो.

‘मागेच मोठे टायर टाकू, पुढचे राहू दे’ असेही काही जण म्हणतात. जीप चारही चाकांनी ओढते तेव्हा पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी बांधलेले असतात. टायरचे परीघ वेगळे असले तर दोन्ही ॲक्सल एका मीटरला वेगवेगळे फेरे मागतात. चिखलात टायर घसरून ही फारकत निघून जाते; कोरड्या डांबरी रस्त्यावर ती कुठेच जाऊ शकत नाही, आणि दाते तुटतात.

वेग, ब्रेक आणि कलंडणे

२८ इंची टायरचा परीघ २.२३ मीटर, एका किलोमीटरला सुमारे ४४८ फेरे. ३१ इंचीचा परीघ २.४७ मीटर, आणि फेरे ४०४. स्पीडोमीटर फेरेच मोजतो. त्याला टायर बदलल्याचे कोणी सांगितलेले नसते, म्हणून तो ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ च्या वर असते.

इंजिनाने दिलेला पीळ तोच, पण त्रिज्या वाढली, म्हणून जमिनीवर मिळणारी ओढ १० टक्क्यांनी घटते. जुन्या सीजे जीपच्या मागच्या ॲक्सलमध्ये ५.३८ ला १ असे गुणोत्तर असे. मोठ्या टायरमुळे ते ४.८६ असल्यासारखे वागते. म्हणजे ज्या चिखलासाठी टायर टाकले, त्या चिखलात ओढ कमी झाली. खालच्या गिअरमध्ये चालवून ती भरून काढता येते, पण घाटात भरलेली गाडी नेताना फरक जाणवतो.

ब्रेकची गोष्ट जास्त गंभीर आहे. ड्रमवर पायाने तेवढाच जोर दिला तर जमिनीवरचे रोधक बल १.१०७ ने भागले जाते. स्पीडोमीटरवर तोच आकडा दिसत असताना खरा वेग १.१०७ पट असतो, आणि थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही मिळून १.१०७ चा घन : १.३६. पूर्वी ज्या ठिकाणी गाडी ३० मीटरमध्ये थांबत होती, तेथे तोच काटा आणि तोच पाय असताना तिला जवळजवळ ४१ मीटर लागतील. टायरची त्रिज्या दीड इंचाने वाढवणाऱ्या माणसाला हे ११ मीटर कोणी सांगत नाही. ब्रेक न बदलता मोठे टायर टाकणे आम्हाला सर्वस्वी चूक वाटते ते यामुळे.

कलंडण्याचे गणित गुरुत्वमध्यावर आहे. जुन्या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर सुमारे १.२३ मीटर, निम्मे ०.६१५. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६० मीटरवर आहे असे धरू. ०.६१५ ला ०.६० ने भागले की १.०२ येते. वळणावर बाहेर फेकणारे बल वजनाच्या इतके पट झाले तर आतली चाके उचलली जातील. डांबरी रस्त्यावर टायरचे घर्षण साधारण वजनाच्या ०.७ ते ०.८ पट असते, म्हणून मूळ जीप कलंडण्याआधी घसरते. घसरणे वाईटच, पण ड्रायव्हरला निदान सूचना मिळते. आता गाडी उचलली आणि गुरुत्वमध्य ०.७२ वर गेला : गुणोत्तर ०.८५. अजून घर्षणाच्या वर, पण अगदी जवळ. शिवाय वळणावर पाटे व टायर दबून गाडी झुकते ते आम्ही हिशेबात घेतलेलेच नाही. अशा गाडीच्या टपावर पोती किंवा माणसे चढली आणि गुरुत्वमध्य ०.९० झाला, तर गुणोत्तर ०.६८. आता ते घर्षणाच्या खाली गेले. ही गाडी घसरणार नाही, सरळ उलटेल. शेगावहून वरवट बकालमार्गे संग्रामपूरकडे येताना टपावर बसलेल्यांना हे आकडे दिसत नाहीत, आणि टायर जितके पकड धरणारे तितका धोका जास्त, हे तर उलटेच वाटते.

कायद्याचेही एक बंधन आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. २०२१ साली केंद्रीय नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. ती ५० वर्षांहून जुन्या, पण मूळ रूपात राखलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांसाठी आहे. आजोबांच्या वेळची जीप ज्याच्याकडे आहे त्याने पाटेवाल्याकडे जाण्याआधी हा मुद्दा तपासावा.

शेवटी एक मोजमाप, जे शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीवर करता येईल. जागा सपाट हवी आणि ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून बसलेला हवा. टायरच्या जमिनीला टेकलेल्या बिंदूवर आणि त्याखाली जमिनीवर खडूने खूण करा. गाडी हळू ढकलून एक फेरा पूर्ण करा, पुन्हा खूण करा, अंतर मोजा. ते अंतर टायरवरच्या आकड्यांवरून काढलेल्या परिघापेक्षा थोडे कमी भरेल, कारण वजनाने टायर तळाशी चपटा होतो. मग गाडीत पाच-सहा जण बसवून पुन्हा मोजा, आणि हवा कमी असलेल्या टायरवरही मोजा. नवा व झिजलेला टायर मिळाला तर तोही घ्या : ६.००-१६ टायरची ८ मि.मी. नक्षी झिजली की परीघ ५ से.मी.ने, म्हणजे सव्वादोन टक्क्यांनी कमी होतो. स्पीडोमीटर तेव्हा उलट्या बाजूने चुकू लागतो.